सात नंबरची डबी

सात नंबरच्या डबीचं म्हणणं होतं, की सायखेड्याच्या त्या कांदाचाळीत आठवडाभर हवा शंभर टक्के दमट आहे. हवा मोजणाऱ्या या डब्या बसवणाऱ्या अंबडच्या कंपनीतून हर्षल मोटारसायकलवर पाहायला आला, तर डबी प्लास्टिकच्या पिशवीत. वर घट्ट गाठ.

"हे कोणी केलं?"

"मी." शिडीवर बसून तेजस्विनी सडके कांदे निवडत होती. "इकडून झड येते. भिजली असती बिचारी."

"अहो, तिला चाळीतली हवा मोजायचीय! पिशवीत ती नुसती कोंडलेली वाफ मोजतेय."

"मग तसं सांगून जायचं ना! दिवसभर बोलायला मला तिच्याशिवाय हाय कोण इथं?"

हर्षल पिशवीची गाठ सोडू लागला. अंबडच्या खोलीत त्याच्याशी फक्त फ्रिज बोलायचा, तोही अधूनमधून.

डब्यांनी कधी झोपायचं, कधी उठायचं, शेजारच्या डबीला निरोप कधी द्यायचा, हे ठरवणारी ऑपरेटिंग सिस्टीम हर्षलनेच लिहिली होती. कच्ची होती. डब्या दर पाच मिनिटांनी उठून कोणी हाक मारतंय का, ते ऐकत बसायच्या. बहुतेकदा कोणी मारायचं नाही. सेल मात्र पंधरवड्यात संपायचे, आणि ते बदलायला हर्षल यायचा. तिसऱ्या खेपेपासून तो इस्त्रीचा शर्ट घालू लागला. सेलना त्याचं काही वाटलं नाही.

मग साहेबांनी सिस्टीम सुधारायला सांगितली. सुधारली, तर खेपा बंद. हर्षलने दोन महिने काम रेंगाळवलं… पण हाडाचा इंजिनिअर, चूक दिसत असताना ठेवणार किती दिवस? सुधारली. डब्या आता दिवसातून चारदाच उठणार होत्या.

चाळीतल्या सगळ्या डब्यांत नवी सिस्टीम भरून तो म्हणाला, "आता दोन वर्षं सेल बदलायला नकोत."

"लय चांगलं केलं." ती कांदे निवडत राहिली. एक चांगला कांदाही सडक्यांत गेला. "दोन वर्षं…?"

"जास्तच — कमी नाही."

पत्र्यावर पाऊस टपटपत होता. हर्षलने हेल्मेट घातलं. काढलं.

"काही काम नसताना आलो… म्हणजे, नुसतं तुम्हाला भेटायला — तर?"

तिचे हात थांबले.

"आई आधी गाव विचारेल. मग आडनाव."

"सांगेन."

"मग चहा घेणार का विचारेल. लाजून नको म्हणायचं नाय… तो मीच घेऊन येणार हाय."