सत्काराची शाल

बसा रं. रविवारच्या सत्काराला बोलवायला आलाय न्हवं? येतो की. हार घाला, नारळ द्या, फोटो काढा, काय बी करा. शाल तेवढी माझ्या अंगावर टाकू नगा. हसताय काय? बाळासोला इचारा मग. न्हाई, आता नगा जाऊ त्याच्याकडं. दिवस मावळल्यावर त्यो दार उघडत न्हाई. का उघडत न्हाई, ते मी सांगतो.

बाळासो म्हंजे आपल्या सत्कार समितीचा अध्यक्ष. गेल्या सालापातुर गावात कुत्री व्याली तरी ह्याचा फ्लेक्स लागायचा. जिल्हा परिषदेला उभं ऱ्हायचं डोहाळं लागलं हुतं त्याला. मंडप माझा, स्पीकर माझा, म्हणून त्याचं समदं कार्यक्रम मी जवळनं बघितल्यात. शाली तीन, सत्कार बारा. स्टेजवर घालायची, फोटो निघाला की मागनं ओढून घ्यायची, घडी घालायची, की म्होरच्याच्या अंगावर. समद्या गावाला ठाऊक हुतं, आन् समदं गाव हसून गप बसायचं. असली आपली कदर.

तर गोष्ट गेल्या सालची. जानेवारीची चोवीस तारीख, शुक्रवार. रातचं साडेनऊ वाजल्यालं. बाळासो मोटारसायकल काढून मनुबाईच्या मळ्याकडं निघाला. काम साधं हुतं. तिच्या मालकाचा वर्दीतला फोटो आणायचा हुता, सव्वीस तारखेच्या फ्लेक्ससाठी.

मनुबाईचा मालक म्हंजे फौजेतला नाईक बिराप्पा. तुमी त्याला म्हातारा म्हणूनच बघितला असंल. एकाहत्तरच्या लढाईत मांडीत गोळी लागून बेशुद्ध पडला, आन् डोळं उघडलं तवा दुश्मनाच्या कैदेत. तीनशे एकोणसाठ दिवस काढलं तिथं. मार खाल्ला, उपाशी ऱ्हायला, पण आपल्या पलटणीचा एक शबूद सांगितला न्हाई. तिघांत मिळून एक कांबळं. रोज सांच्याला गिनती व्हायची. अंधारात वळीनं उभं करायचं, आन् एकेकानं हिंदीत आपला आकडा बोलायचा. एक जण जरी गप ऱ्हायला, तरी समद्यांनी थंडीत ताटकळायचं. ह्यो सातवा. गिनती झाली की कांबळ्यातनं उसवल्याल्या दोऱ्याला त्यो एक गाठ मारायचा. दिवस मोजायला दुसरं काय न्हवतं. सुटला तवा त्यो दोरा तपकिरीच्या डबीत घालून घरी घेऊन आला. मी हातात धरून बघितलाय.

आन् गावानं काय केलं? पारावरची माणसं त्याला इचारायची, हात वर केलं हुतंस काय रं? ज्यांनी जल्मात म्हसरांबिगर काय हाकलं न्हाई, ती इचारायची. त्यो खाली मान घालून मळ्याकडं जायाचा. पन्नास वर्षांत त्याला एका झेंडावंदनाला कुणी बोलावलं न्हाई.

मग गेल्या साली पंधरा जानेवारीला, सैन्य दिनाला, बाळासोला त्याची आठवण झाली. निवडणूक तोंडावर आली हुती ना. म्हातारा दाढी करून, बुटाला पालिश मारून चार वाजताच येऊन बसला. ह्या शहाण्यानं त्याला स्वेटर काढायला लावला. का? तर म्हणं मेडलं दिसनात. पाहुणं आलं साडेसातला. तवर सत्त्याहत्तर वर्षांचा माणूस नुसत्या शर्टावर कुडकुडत बसला. मग एकदाची शाल अंगावर पडली. त्यानं तिच्यावरनं हात फिरवला. समोर समदं गाव बसल्यालं, टाळ्या वाजवत हुतं. म्हाताऱ्याचं डोळं भरून आलं. पन्नास वर्षांचं काय ते त्याला त्या घडीला मिळालं, असं मला वाटलं.

फोटो निघाला आन् बाळासोनं मागनं शाल ओढली. बिराप्पानं काठ धरून ठेवला.

“वाईच ऱ्हाऊ द्या की,” म्हणला. “थंडी हाय.”

बाळासो दात काढून म्हणला, उद्या घरपोच देतो, आता पतसंस्थेच्या चेअरमनला लागती. बिराप्पानं काठ सोडला. घडी मी घातली. खोटं कशाला बोलू, ह्याच हातांनी घातली.

म्हाताऱ्याच्या छातीत कफ धरला. बावीस तारखेला गेला. मनुबाईनं त्याच्या मुठीत त्यो गाठींचा दोरा ठेवला, आन् तसाच त्याला सरणावर घातला. दोरा जळला, हे ध्यानात ठेवा.

आता चोवीस तारीख. मनुबाईनं फोटो दिला. मग म्हणली, तेवढी शाल मला द्या, राखंवर पांघरून दोन्ही संगंच नदीला सोडते, शेवटपातुर तीच मागत हुते. बाळासो म्हणला, परवा देतो की, स्टेजवर, आमदारांच्या हातनं. तीच शाल तवा बाहेर हुती, गाडीच्या हँडलला, पिशवीत. सांच्याला दुसऱ्या एका सत्काराला वापरून आणल्याली. हात लांब केला असता तर दिली असती. पण तिला शाल देताना फोटो कोण काढणार हुतं तिथं?

निघाला. मळ्यापासनं गाव तीन किलोमीटर. रस्ता तुमाला ठाऊक हाय, एका अंगाला द्राक्षबाग, दुसऱ्या अंगाला माळ. अर्धा किलोमीटर आला आन् गाडी जड झाली. त्याला वाटलं चाक बसलं. उतरून बघितलं. चाक टणटणीत. परत बसला. गाडी आनखी जड. मागं कुणी बसावं तशी.

मागं वळून बघितलं. कुणी न्हवतं.

मानंवर गार लागाय लागलं. वारं न्हवतं. द्राक्षाचं पान हालत न्हवतं. मानंवर तेवढं गार… श्वासासारखं.

ओढ्याच्या पुलावर गाडी आपसूक बंद पडली. दिवा गेला. त्यो किक मारतोय, मारतोय… आन् बागेतनं आवाज आला.

“एक.”

गड्याचा आवाज. मग वाईच अलीकडनं, दुसराच आवाज.

“दो.”

“तीन.”

रस्त्याच्या कडंनं एकेक माणूस उभा असावा, तसा आकडा म्होरं येत हुता. दिसत कुणी न्हवतं. चार, पुलाच्या त्या टोकाला. पाच, कठड्यापाशी. सहा, त्याच्या उजव्या हाताला. हातभर अंतरावर.

मग गप.

समदं गप. रातकिडं बी गप. बाळासो म्हणतो, तसली शांतता मी ऐकली न्हाई कवा. कुणीतरी वाट बघतंय. लय जणं वाट बघत्यात. थंडीत उभी हायती. आन् त्याच्यामुळं उभी हायती…

किती येळ गेला, ठाऊक न्हाई. त्याचं दात वाजाय लागलं.

मग मागच्या सीटवरनं, कानाजवळ, हळू आवाज आला.

“बोला की.”

मराठीत. ओळखीचा आवाज.

बाळासो म्हणला, “सात.”

झालं. गाडी हलकी झाली. दिवा लागला. रातकिडं वराडाय लागलं. मागनं कुणीतरी उतरून माळानं चालत गेल्यागत त्याला वाटलं, आन् मोकळा झाल्याला माणूस सोडतो तसा एक सुस्कारा ऐकू आला. त्यानं वळून बघितलं न्हाई. स्टेजवर छाती फुगवून बोलणारा ह्यो वाघ, गावात आला तवा त्याची पँट वली हुती.

घरी येऊन त्यानं पिशवी उघडली. शालीच्या काठाला सुटं धागं असत्यात बगा, दशा म्हणत्यात त्यास्नी. त्यातल्या पयल्या धाग्याला एक गाठ हुती. बारीक, आवळून मारल्याली. दुसऱ्या सांच्याला, दिवा लावायच्या टायमाला, परसात कुणीतरी सहापातुर आकडं बोललं आन् थांबलं. ह्यानं घरातनं “सात” म्हणून सांगितलं. बघतोय तर दुसऱ्या धाग्याला गाठ.

कात्रीनं कापल्या. सकाळी हुत्या तशा. मग ट्रंकंत शाल घालून कुलूप लावलं, आन् किल्ली माझ्याकडं दिली. त्या रातीला किल्ली माझ्या उशाखाली हुती. सकाळी ट्रंक मीच उघडली. गाठ वाढल्याली. तवापासनं मी देवळात बी शाल घेत न्हाई.

सव्वीसचा कार्यक्रम बोंबलला. आठव्या दिशी बाळासो मला संगं घेऊन मनुबाईकडं गेला. शाल तिच्या पायाशी ठिवली, रडला, नाक घासलं. लय वंगाळ दिसत हुतं. ती बाई भाकरी थापत हुती. तिनं शालीकडं बघितलं, आठी गाठींवरनं एकदा बोट फिरवलं. मग हात धुतलं.

“आता नगं,” म्हणली. “ती तुमची हाय. त्यांनी तीनशे एकोणसाठ दिवस काढलं. तुमी बी काढा.”

तिनं तव्यावरची भाकरी उलटली.

मग ह्यानं भिंतीवर कॅलेंडर लावलं आन् रोज एक रेघ मारायला घेतली. दिवस मावळला की घरात. लग्न न्हाई, जत्रा न्हाई, मयत न्हाई. एकदा सांगलीला दवाखान्यात ऱ्हायला, तर तिथं बी खिडकीखाली गिनती. दाढी वाढली, खांदं पडलं. मला बी कवाकवा वाईट वाटायचं. म्हणायचो, शिकला गडी, माणूस झाला.

कसला माणूस आन् कसलं काय. परवा सांच्याला तीनशे एकोणसाठावी गाठ पडली. काल उजाडतंय न उजाडतंय तवर दाढी करून माझ्या दारात हजर. पेढ्याचा पुडा हातात. मनुबाईच्या पाया पडून आला असंल, असं मला वाटलं. न्हाई. मला म्हणतो, मंडप मोकळा हाय का? निवडणूक आली, एक कार्यक्रम उठवू झकास. मी म्हणलं, आन् ती शाल? तर म्हणतो कसा, आता काय हुत न्हाई तिला, धुऊन इस्त्री केली की झाली नवी, एका सत्काराला भागंल.

पेढा मी परत दिला.

आज सकाळी त्याच्या बायकोनं माणूस धाडून मला बोलावून घेतलं. बाळासो जमिनीवर बसला हुता, भिंतीला टेकून. शाल म्होरं पसरल्याली. मी बसून मोजलं. परत मोजलं.

तीनशे साठ.

बिराप्पाला तीनशे एकोणसाठाव्या दिशी सोडलं हुतं.

काठाला धागं अजून लय शिल्लक हायती.