पासष्टावी पंचमी

सावद्याला राजकुंवरबाईंच्या घरी शुद्ध पंचमी आली की ती आधी चुलीला कळे. त्या दिवशी बाईंचा उपास. पोटात फक्त उकळून गार केलेलं पाणी, तेही दिवस मावळेपर्यंत; आणि दिवसभर मौन. ज्ञानपंचमीचं व्रत. महिन्याला एक, अशा पासष्ट पंचम्या. एक जरी मोडली तर पुन्हा पहिलीपासून.

"आईची पंचमी म्हणजे घराला विसावा," मुलगा गौतमचंद दुकानात जाता जाता म्हणे. "महिन्यातून दोनदा का येत नाही कोण जाणे." घुंघटाआड सून सूरजबाई हसू दाबी.

राजकुंवरबाईंना अक्षर येत नव्हतं. जन्मभर पोथीला हात जोडले, रेशमी रुमालात बांधून ठेवली, उष्ट्या हाताने कधी शिवली नाही. पण आत काय आहे ते कायम दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं. मरायच्या आधी एक ओळ आपल्या डोळ्यांनी वाचावी, एवढ्यासाठी हे व्रत.

चौपन्न सालच्या कार्तिकात एकसष्टावी पंचमी होती. दुपारी त्या माजघरात पोथीसमोर बसल्या होत्या. पांढऱ्या वस्त्रातली एक बाई आत आली नि शेजारी टेकली. चातुर्मासाला गावातल्या उपाश्रयात चार साध्वी उतरल्या होत्या. त्यांतलीच एक असं धरून राजकुंवरबाईंनी वंदन केलं. मौनामुळे नाव विचारता आलं नाही. बाईही काही बोलली नाही. तिनं पोथी उघडून एका अक्षरावर बोट ठेवलं, मग दुसऱ्यावर. तिच्या अंगाला वेखंडाचा वास होता, जुन्या पोथ्यांत कसर लागू नये म्हणून ठेवतात तसा. बोट जाई तिथे सावली पडत नव्हती. उलट कागद उजळत होता. खिडकीतलं ऊन असेल, असं राजकुंवरबाईंना वाटलं. माजघराला खिडकी नाही, हे नंतर लक्षात आलं.

मार्गशीर्षात बाई पुन्हा आली. दुसऱ्या दिवशी मौन सुटल्यावर राजकुंवरबाईंनी दूध घालणाऱ्या मंदाबाईला कौतुकानं सांगितलं.

"कोन्त्या साध्वी, अक्का?" मंदाबाई म्हणाली. "उपाश्रयाले तं कुलूप हाये. बठ्ठ्या पुनवेलेच गेल्या फैजपूरच्या रस्त्यानं."

"एखादी मागे राहिली असेल."

"एकटी? त्या कधी एकट्या ऱ्हातात का?"

राजकुंवरबाईंनी आठवून पाहिलं. बसण्याआधी जमीन झाडायचा ओघा बाईच्या काखेत नव्हता. हातात पात्रही नव्हतं. पण आता अक्षराला अक्षर जुळायला लागलं होतं. तोंडाशी आलेलं कसं टाकायचं? त्यांनी पुन्हा विषय काढला नाही.

पौषात त्या दुकानाची पाटी वाचू लागल्या. माघातल्या पंचमीनंतर अक्षरं नसायची तिथेही दिसू लागली. मंदाबाईचा नवरा उखर्डू एकदा दूध घेऊन आला. त्याच्या कपाळावर, कातडीच्या आतून, मुंग्यांच्या रांगेसारखी बारीक ओळ होती. 'बुधवार. केळीत. साप.' डोळे म्हातारे झाले, असं म्हणून त्यांनी पदरानं ते पुसले.

बुधवारी उखर्डू केळीच्या बागेत पाणी धरायला गेला, तो प्रेत होऊन, खाटेवरून घरी आला.

तेव्हापासून त्या कुणाच्या कपाळाकडे बघेनात. सुनेची तेवढी धास्ती नव्हती. सासूसमोर सूरजबाईचा घुंघट हनुवटीपर्यंत असे.

फाल्गुनातली पासष्टावी आली. त्याच दिवशी सूरजबाई पहिल्या बाळंतपणाला बोदवडला, माहेरी निघाली. तिचा भाऊ प्रकाशचंद न्यायला आला होता. दाराशी टांग्यात बसून वाट बघत होता. माजघरात पांढरी बाई पोथीच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवून बसली होती. सूरजबाई तिच्या अगदी जवळून आली. तिला ती दिसली नाही.

"येते सासूजी. आज तुम्ही बोलणार नाही, पण डोक्यावर हात तरी ठेवा."

ती वाकली. जड पोटानं तोल गेला नि घुंघट मागे सरकला.

'आज. भुसावळ. दोघंही.'

भुसावळला गाडी बदलायची होती. राजकुंवरबाईंची नजर सुनेच्या पोटावर गेली.

त्यांनी तिचा हात घट्ट धरला. मान हलवली, पुन्हा पुन्हा.

"अहो, रडता काय? बाळाला घेऊन येतेच की. सोडा, गाडी चुकेल."

ती हात सोडवू लागली.

पांढऱ्या बाईनं मान वर केली. ओठांवर बोट ठेवलं.

पाच वर्षं, पाच महिने. एक ओळ उरली होती.

"जाऊ नको," राजकुंवरबाई म्हणाल्या.

शेजारी कुणी नव्हतं. पोथीत नुसत्या काळ्या रेघा होत्या. सुनेचं कपाळ स्वच्छ, घामानं ओलं. ओळ पुसली गेली, की आपल्यालाच वाचता येईना झालं, हे कळायला मार्ग नव्हता.

"बरं, नाही जात," सूरजबाई घाबरून म्हणाली. "माझ्यापायी मौन मोडलंत ना." तिनं पदराच्या टोकानं सासूचे डोळे पुसले, गाल पुसले. कपाळाशी तिचा हात थांबला.

"हे काय लागलंय?"

तिनं घासलं. गेलं नाही.

घुंघट बाजूला करून ती जवळ वाकली. चौथीपर्यंत शिकली होती. वाचताना तिचे ओठ हलत. आताही हलले.

"काय आहे गं?"

सूरजबाईनं घुंघट पुन्हा खाली ओढला. उठली, दारात गेली आणि हळू आवाजात भावाला म्हणाली, "प्रकाशभाऊ, टांगा दुकानावर ने. यांना म्हणावं, दुकान बंद करा आणि दिवस मावळायच्या आत घरी या."