आबाजींची ज्युलिया

"उद्या गाडी कापणार!" मामेभाऊ निकेश धापा टाकत ओसरीवर आला. "बाबानं भंगारवाल्याले इकली. सकाळी लटारूभाऊ गॅस कटर घेऊन येऊन राह्यले!"

पायलच्या हातातला आंबा हातातच राहिला. उन्हाळ्याच्या सुट्टीत चंद्रपूरहून ब्रह्मपुरीजवळच्या या गावी, मामाकडे, ती यायची ती आंब्यांसाठी आणि आबाजींसाठी. आबाजी म्हणजे तिच्या आईचे वडील, मनसाराम. लकव्याने त्यांची वाचा गेली होती. दिवसभर खाटेवर गुमान पडून असत. पण रोज सकाळी गोठ्यामागे, भाताच्या तणसात अर्ध्या बुडालेल्या जुन्या मोटारीत जाऊन बसले, स्टिअरिंगवर हात ठेवले, की चेहरा असा खुलायचा! कधीकाळी पुलाच्या कामावर आलेल्या इटालियन इंजिनिअरचे ते ड्रायव्हर होते. साहेब मायदेशी गेला तो गाडी त्यांच्या नावावर करून.

ती गाडी कापली तर आबाजी बसणार कुठे? पायल मामांकडे धावली.

"मामा, नका ना कापू!" ती गयावया करू लागली.

"अवं पोरी, फियाटचा डबा आहे तो! साप-विंचू निंगतात त्याच्यातून." श्रीहरीमामा हसले.

खाटेवरून आबाजी "अं... अं..." करत होते. मामांनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. पायलला भयंकर राग आला, पण बारा वर्षांच्या मुलीच्या रागाला विचारतो कोण?

"निकेश, फियाटची जाळी अशी तिकोनी असते का रे?" गाडीसमोर उभी राहून ती म्हणाली. त्या जाळीच्या टोकाशी एक गोल खाच होती. काहीतरी तिथून निघून पडलं होतं खास!

गावात नेटवर्क फक्त तळ्याच्या पाळीवर, नागोबाच्या झाडाखाली. तिथे बसून निकेशने गाडीचे फोटो जुन्या मोटारींच्या एका ग्रुपवर टाकले आणि दोघं वाट बघत बसली. पायलची नजर सहज नागोबाकडे गेली. कधीकाळी कुणाला तरी सापडलेली, शेंदराने माखलेली गोल चकती. तिच्यावर मुकुट घातलेला साप आणि त्याच्या तोंडात... माणूस?

"निकेश! ही चकती त्या खाचेएवढीच आहे!"

तेवढ्यात फोन वाजला. नागपूरच्या कुणी रीनामॅडम बोलत होत्या. त्या जुन्या गाड्या जमवायच्या.

"ती फियाट नाही गं! अल्फा रोमिओ ज्युलिया आहे! दिसायला खोकं, पण वाऱ्याला अशी कापत जाते की विचारू नकोस. इटलीचे पोलीस चोरांच्या मागे हीच पळवायचे! बिल्ल्यावर साप असतो बघ, मिलान शहराचा. रंग, इंजिन, सगळं मूळचंच आहे?"

"आबाजी कोनाले हातच लावू देत नाई!" निकेश मध्येच ओरडला.

"मग तिची किंमत विचारूच नकोस. जुन्या गाडीवर नवा रंग चढला, इंजिन बदललं, की हौशी लोक तोंड फिरवतात. मी उद्या दुपारी पोचते. तोवर कुणाला हात लावू देऊ नका!"

दोघं धावत घरी आली. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "ओटीपी मागतला का तिनं?"

"नाई, पन—"

"मागते आता! टीव्हीवर रोज सांगून राह्यले, अनोळखी फोन उचलू नोका. आन मले फोन देऊन टाका!"

फोनही गेला. पायल कोपऱ्यात मुसमुसत बसली. मोठ्यांनी ऐकायचंच नाही म्हटलं, तर लहानांनी करायचं तरी काय?

सकाळी लटारूभाऊंनी तणस बाजूला सारलं, ज्योत पेटवली, वाकले आणि झटकन मागे सरले. जाळीत नागोबा बसला होता! हळद, कुंकू, चाफ्याची फुलं, सगळं साग्रसंगीत!

"नागावर जाळ धरू? आपल्याच्यानं नाई होत, श्रीहरीभाऊ!" ज्योत विझली.

"अरे, पोट्ट्यायनं ठेवला असंन तो!"

"मंग तुमीच काढा."

मामांनी हात पुढे केला. मग मागे घेतला. मग सदऱ्याला पुसला. निकेशने तोंडात रुमाल कोंबला, नाहीतर सगळंच हसण्यावारी गेलं असतं! दुसऱ्या गावचा माणूस आणायला मामा दुपारपर्यंत जीप बघत हिंडले, आणि तेवढ्यात रीनामॅडमची गाडी दारात आली.

त्यांनी चकतीवरचा शेंदूर हलक्या हाताने पुसला. अक्षरं वाचली, इंजिनावरचा नंबर कागदांशी ताडून पाहिला आणि त्यांचे डोळेच भरून आले.

"भंगारवाला सगळ्या गाडीचं देत होता ना? तेवढं हिचा एक दिवाच देऊन जाईल!"

मामांनी कपाळावर हात मारला. लटारूभाऊ म्हणाले, "पोट्टी हुशार निंगाली राजा!" अख्खा गाव शाब्बासकी द्यायला लोटला. पायलला कधी नव्हे ते हवेत तरंगल्यासारखं झालं.

मग रीनामॅडम आबाजींपुढे बसल्या. "मला द्याल? मी हिला पुन्हा रस्त्यावर पळवीन." आबाजींनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि होकारार्थी मान हलवली. पायलचं विमान धाडकन खाली आलं. कापण्यापासून वाचवलेली गाडी आता विकली जाणार होती, आणि तिची किंमत पायलमुळेच तर सगळ्यांना कळली होती!

दोन दिवसांनी ट्रक आला. साखळ्या आल्या. आणि आबाजी जाऊन स्टिअरिंगवर बसले, ते उतरेचनात. मामांनी हाका मारल्या, मॅडमनी विनवलं. ट्रकवाला ताटकळला.

"पायल, तूच सांग माय," मामा हळूच म्हणाले. "तुझंच आयकतात ते."

सगळे तिच्याकडे बघत होते. तिला वाटलं, पळून जावं कुठेतरी. पण ती गेली आणि दार उघडलं.

"आबाजी, चला ना."

ते समोर बघत राहिले, काचेपलीकडे, जणू रस्ता होता तिथे. मग पायलने स्टिअरिंगवरची त्यांची बोटं एकेक करून सोडवली.