डाव्या नळीचा घोडा

"सुकटीच्या वाट्यावरून बाजारात अर्धा तास भांडतो, आन् बंदूक देतो फुकटात," गोदाआजी फोडणी देता देता पुटपुटली.

शेजारी लसूण सोलणारी कल्पिता थांबली. खरंच की! तिच्या आजोबांच्या, गणूआबांच्या, दुनळी बंदुकीचा परवाना या महिन्यात संपत होता, म्हणून त्यांनी ती विकायला काढली होती. ठाण्याचे बंदूकव्यापारी प्रफुल्लशेठ सकाळी मोहने गावात घरी येऊन 'देशी नक्कल, भंगाराचा भाव' म्हणून गेले. उद्या अकराला न्यायला येणार होते. आणि आबांनी घासाघीस केली नाही. पणजोबांपासूनची बंदूक अशी जाणार?

डोंबिवलीहून सुट्टीला आलेल्या तिच्या मैत्रिणीला, देवयानीला, वेगळंच खटकलं होतं. "भंगार होतं, तर त्यांनी नळ्या सोडवून खालच्या बाजूचे फोटो का काढले?"

कल्पिताचा धाकटा भाऊ विकी बंदूक काढायलाच निघाला. "हात लावलास तर आबा तुलाच भंगारात देतील," कल्पिताने त्याला बसवलं.

मग देवयानीने आपल्या आजोबांना फोन केला. त्र्यंबकआजोबांनी वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात चाळीस वर्षं पोलाद कातलं होतं, आणि त्यांना जुन्या बंदुकांचा नाद होता. सकाळी ते भिंग घेऊन हजर झाले. आबा 'बघा काय बघायचं ते' म्हणाले आणि ओटीवर बाळकाकाजवळ जाऊन बसले. बाळकाका आबांचा धाकटा मुलगा. लहानपणी बाभळीच्या काट्याने त्याचा डावा डोळा गेला, असं घरात सगळे सांगत. ती बाभूळ मात्र कधी कुणी दाखवली नव्हती.

आजोबांनी आधी दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याची खात्री केली, मगच त्या सोडवल्या. खाली बारीक मुकुट उमटलेला होता. विलायतेत नळ्यांची चाचणी झाल्यावरच तो छाप मारत, असं त्यांनी सांगितलं. मुलांनी भिंगातून आकडा शोधला. नळ्यांवर, मागच्या पोलादावर आणि पुढच्या लाकडाखाली एकच आकडा! म्हणजे तिन्ही भाग मूळचे, एकमेकांसाठीच घडवलेले.

अकराला प्रफुल्लशेठ आले. कल्पिताने कागद पुढे केला.

"शेठ, एवढं लिहून द्या. देशी नक्कल आहे म्हणून. खाली सही, आणि हा आकडा."

शेठनी आकडा वाचला. भिंगाकडे पाहिलं. पुन्हा निवांत येतो म्हणाले आणि चहासुद्धा न घेता निघाले.

"पोरांची नजर कारागिराची आहे," त्र्यंबकआजोबा आबांना म्हणाले. "चांगली किंमत येईल. फक्त एक खोट आहे. डाव्या नळीचा घोडा कुणीतरी कानशीने घासलाय. चाप ओढला की पडतो, पण काडतुसावर आपटत नाही. ही नळी पुन्हा कधी उडूच नये म्हणून मुद्दाम केलेलं काम आहे हे."

"कुणी केलं?" विकीने विचारलं.

आजी आत वळली. देवयानी भिंग पुसत राहिली. बाळकाका मान खाली घालून पायाजवळच्या मुंग्या बघत होता. कल्पिताला वाटलं, आपण शोधायला नको होतं ते शोधलंय.

आबा उठले. काल सकाळपासून पहिल्यांदाच त्यांनी बंदुकीकडे पाहिलं, मग बाळकाकाकडे.

"मी घासलाय," ते म्हणाले. "बाभूळ नव्हतीच रे पोरांनो. शेजारच्या लग्नाच्या हळदीत मी हवेत डाव्या नळीचा बार काढायला गेलो, तो आधीच सुटला, आणि छर्रा लागून बाळ्याचा डोळा माझ्या हातून गेला."