उजवा खिळा

सरहद्दीचं फाटक आता सकाळीच उघडणार, हे कळल्यावर बसमधल्या पोरांनी थोडी कुरकुर केली आणि मग ती म्हाताऱ्या ड्रायव्हरभोवती येऊन बसली. त्यांच्यातल्या एका मुलीचा पासपोर्ट परका होता. नाक्यावर अडवून आतल्या खोलीत बसवलं तर कारण विचारता येतं ना, असं तिनं त्याला विचारलं.

"विचारता येतं की," ड्रायव्हर म्हणाला. "उत्तर मिळेल असं नाही."

मग त्यानं बसमधला दिवा मालवला आणि ही हकीकत सांगितली. त्याच्याच गल्लीत राहणाऱ्या एका माणसाची.

तो माणूस अशाच एका नाक्यावर अधिकारी होता. घरी अबोल, कामावर करडा. हाताखालची माणसं पाठीमागे त्याला कुलूपसाहेब म्हणत. गेल्या हिवाळ्यात, वर्षातल्या सगळ्यात मोठ्या रात्री, सुट्टी असूनही तो नाक्याकडे निघाला. त्याची एकुलती एक मुलगी यायची होती. लग्न करून पलीकडच्या देशात गेलेली, तिकडचीच नागरिक झालेली, पहिल्यांदाच माहेरी येत होती. संध्याकाळची बस आली, पण ती आली नाही. फोनही बंद. बायको म्हणाली, नुसत्या येरझाऱ्या घालून काय होणार, जाऊन बघून या, आणि ही शाल न्या, थंडीत तिची छाती भरते. त्यानं शाल काखेत मारली आणि चालू लागला. नाका घरापासून लांब नव्हता.

आता नाक्यावरची एक रीत सांगायला हवी. आतल्या खोलीची किल्ली एकच आणि टेबलामागच्या भिंतीवर खिळे दोन. खोलीत कुणी असलं की किल्ली डाव्या खिळ्यावर, खोली रिकामी असली की उजव्या. पाळी बदलताना कुणी कुणाला काही विचारत नसे. भिंतीकडे एक नजर टाकायची आणि खुर्चीत बसायचं. आत जाणाऱ्याचा फोन, पट्टा, बुटांच्या नाड्या, औषधं, सगळं काढून ट्रेमध्ये.

आदल्या वर्षी, याच रात्री, त्या खोलीत एक परदेशी तरुणी होती. बुटांना लाल नाड्या. तिला दमा होता. तिनं आपला औषधाचा पंप मागितला, तो मिळाला नाही. मग तिनं विचारलं, मला का बसवलंय, माझ्या माणसांना कळवता येईल का? कुलूपसाहेब चिडला नाही. हसला. पाळी संपता संपता दार वाजू लागलं.

"बाबा," ती आतून म्हणाली, "मी तुमच्या मुलीसारखी आहे."

त्यानं किल्ली उजव्या खिळ्याला लावली आणि घरी जाऊन पोटभर जेवला. एक रात्र कुणी फिरकलं नाही की येईल ताळ्यावर, एवढाच त्याचा विचार.

सकाळी ती ताळ्यावर आलेली होती. हलत नव्हती.

चौकशीत ती मुळातच आजारी ठरली. सामान न्यायला तिचा भाऊ आला. एका बुटाची नाडी कमी आहे, असं तो चाचरत म्हणाला. कुलूपसाहेबानं मान वर करून पाहिलंही नाही.

"बहीण गेली, आणि तू नाड्या मोजतोयस?"

ड्रायव्हरनं काच पुसली आणि पुढे सांगू लागला.

तर, तो नाक्यावर पोचला. कचेरीत दिवा होता, माणूस नव्हतं. पाळीवर नवा शिपाई होता, तो फाटकापाशी गेलेला. तिकडे एक ट्रक आडवा झाला होता आणि कुणीतरी कुणालातरी शिव्या घालत होतं. कुलूपसाहेबानं सवयीनं भिंतीकडे पाहिलं. किल्ली उजव्या खिळ्यावर. खोली रिकामी. म्हणजे मुलगी इथे अडकलेली नाही, पलीकडेच तिची बस चुकली असणार. जिवात जीव आला. तो जायला वळला.

दार वाजलं.

आतून. हळू. बोटाच्या पेरानं वाजवावं तसं.

त्यानं खिळ्याकडे पाहिलं. उजवा. पुन्हा पाहिलं. उजवाच.

मग श्वास ऐकू आला. शिट्टीसारखा... वर चढणारा... मध्येच अडकणारा. हा श्वास त्यानं ऐकलेला होता. याच दारामागे. याच रात्री.

"बाबा..."

काखेतली शाल खाली पडली.

"बाबा... दार..."

किल्ली हाताच्या अंतरावर होती. हात उचलला नाही. तो भिंतीला धरून मागे सरकला.

"मेलीस ना तू," तो पुटपुटला. "मेलीस ना..."

आत काहीतरी दारावरून घसरत खाली गेलं.

मग...

काहीच नाही.

तो धावत फाटकापाशी आला. नव्या शिपायानं सलाम ठोकला, सुट्टीच्या दिवशी कसे काय म्हणून विचारलं. कुलूपसाहेबानं नुसतं खोलीकडे बोट केलं.

"ती होय?" शिपाई हसला. "पलीकडचा पासपोर्ट आहे, साहेब. मला का बसवलं म्हणून भांडत होती. वर म्हणते, तुमच्या साहेबांची मुलगी आहे मी. म्हटलं, बाई, साहेबांनीच शिकवलंय आम्हाला, आत गेलं की सगळ्याच मुली होतात."

...

दार उघडलं तेव्हा ती दाराला टेकूनच होती. तिचा पंप बाहेर ट्रेमध्ये होता. शाल मात्र कामी आली, तोंडावरून ओढायला.

परक्या पासपोर्टच्या मुलीनं विचारलं,

"स्वतःच्या मुलीचा आवाज ओळखला नाही त्यांनी?"

"किल्ली उजव्या खिळ्यावर होती ना, बाळ."

शिपाई अजून शपथेवर सांगतो, त्यानं ती डाव्या खिळ्याला लावली होती. फाटकापाशी जाण्याआधी हातानं चाचपूनही पाहिली होती. दार उघडायच्या घाईत किल्लीकडे कुणी नीट पाहिलं नाही. उजाडल्यावर लक्षात आलं, तिच्या कडीला बुटाची नाडी बांधलेली होती. घट्ट, दुहेरी गाठीनं.

मुलीच्या दोन्ही नाड्या ट्रेमध्ये होत्या. पांढऱ्या.

ही लाल होती.