सभागृहातले दगड

"मॅडम, जरा बाजूला होता का? टेप लावायचीय."

मी आमच्या दहिसरच्या कॉलेजात, भूशास्त्राच्या प्रयोगशाळेत, चिखलात उकिडवी बसून दगड धूत होते. नदी आत शिरून गेल्याला आठवडा झाला होता. भिंतीवर कंबरेइतकी ओल, आणि हा पठ्ठ्या पांढऱ्याशुभ्र शर्टात खोली मोजायला हजर.

"कशासाठी मोजताय?"

"पार्किंगसाठी. ट्रस्टनं काम दिलंय. मी हर्षद परब, आर्किटेक्ट."

"मी श्रुतिका. इथे शिकवते. आणि इथे पार्किंग होणार नाही."

माझं डोकंच तडकलं. शुक्रवारी विद्यापीठाची समिती येणार होती. चालू प्रयोगशाळा दिसली नाही, तर आमचा विभाग कायमचा बंद. ट्रस्टला तेच हवं होतं. कित्येक वर्षं डोंगर पालथे घालून जमवलेले नमुने भंगारात जाणार होते.

"एकट्याच धुताय?"

"पोरं वडापाव खायला गेलीत. मदत करायची तर करा, नाहीतर टेप गुंडाळा आणि सुटा."

त्यानं बाह्या दुमडल्या... आणि खरंच बसला. ब्रश घेऊन एकेक दगड घासायला लागला. हात छान होते त्याचे. बघायचं नाही असं ठरवून मी जास्तच बघितलं.

तासाभरानं तो कावराबावरा झाला. "अहो... वरच्या फळीवरचा गुलाबी दगड मी बादलीत भिजत घातला होता. तो लहान झालाय."

"अहो, सैंधव होतं ते. मीठ. पुरातून वाचलं आणि तुम्ही बुडवलंत."

"सॉरी... उरलेलं आमटीत टाकू?"

मला भांडायचं होतं. हसूच फुटलं, यार.

दुसऱ्या दिवशी तो विटका टी-शर्ट घालून आला. संध्याकाळपर्यंत आम्ही अरे-तुरेवर आलो होतो.

"आज काय मोजायला आलास?"

"काही नाही. तुला बघायला आलो. खोटं कशाला बोलू?"

मी मान खाली घालून एकच दगड तीनदा धुतला.

बुधवारी वायरमननं हात वर केले. सगळं वायरिंग सडलं होतं, महिनाभर वीज नाही. मी पायरीवर बसून रडले, रागानं रडले. हर्षद शेजारी येऊन बसला.

"वर ट्रस्टींचं सभागृह आहे ना? कोरडं, वीज असलेलं."

"तिथे आम्हाला पाय ठेवायला मनाई आहे."

"मग ठेवूया ना पाय."

"आणि तुझं काम?"

"माझं मी बघेन. फक्त कपाटं भिंतीलगत ठेवा, खाली तुळई आहे. मधोमध एकही नको. वजनाचा अंदाज घेतलाय मी."

गुरुवारी चावी मी स्वतः शिपायाकडून घेतली. पोरं जिन्यावर रांगेत उभी राहिली, दगड हातोहात वर निघाले. माझ्या वरच्या पायरीवर हर्षद. प्रत्येक दगड घेताना त्याची बोटं माझ्या बोटांवर जरा जास्तच रेंगाळायची...

"एका दगडाला इतका वेळ?"

"जड आहे गं."

"अभ्रक आहे ते. पापडाएवढं वजन."

"तरी जड आहे," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

शुक्रवारी समितीच्या बाई सूक्ष्मदर्शकातून बघत होत्या, तेवढ्यात ट्रस्टचे अध्यक्ष आत आले. सोफे व्हरांड्यात, टेबलावर बेसाल्ट. त्यांचा तोल गेला.

"सभागृह कुणी उघडलं?"

"मी," मी म्हणाले. चावी त्यांच्यासमोर टेबलावर ठेवली. "खाली पाणी भरतं. माझा विभाग आता इथेच चालणार."

"परब, तुम्ही आमचे आर्किटेक्ट ना?"

"हो सर. म्हणूनच सांगतो, त्या बरोबर बोलतायत."

समितीच्या बाईंनी चष्मा काढला. "प्रयोगशाळा चालू आहे. यंदाचे प्रवेश घ्या."

विभाग वाचला. अध्यक्ष हर्षदकडे वळले. "तुम्ही उद्यापासून येऊ नका."

मी जिन्यापर्यंत त्याच्या मागे धावले.

"गेलं काम," तो हसायचा प्रयत्न करत म्हणाला. "आता इथे यायला कारणच उरलं नाही..."

"मी आहे ना. मला तू आवडतोस, हर्षद. खूप."

दारात पोरं उभी होती. त्यांच्यामागे अध्यक्षही.

"श्रुतिका... सगळे बघतायत."

"बघू देत."

मी त्याचा हात धरला आणि त्याला सगळ्यांच्या मधून परत आत घेऊन गेले. माझं प्रात्यक्षिक सुरू व्हायचं होतं.