तिसरा ठोका

सुट्टीच्या दिवशी सकाळी छत्रीने कॅमेऱ्याची पिशवी खांद्याला लावली तेव्हा आईने विचारलं, "कुठे?" "इथेच, जंगलात," छत्री म्हणाली, जणू कोपऱ्यावरून भाजी आणायला चालली होती. वर्षभरात ती पहिल्यांदाच तिकडे निघाली होती. 

छत्री हे काही तिचं खरं नाव नव्हे. ती चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायची आणि रिकामा वेळ मिळाला की ओल्या जमिनीवर पोटावर पडून कुत्र्याच्या छत्र्यांचे फोटो काढायची, म्हणून दुकानातल्यांनी तिचं हे नाव पाडलं होतं. अळंबी, बुरशी, सडक्या ओंडक्यावरून गोगलगायीपेक्षाही हळू सरकणारे पिवळेधमक, लिबलिबीत स्लाइम मोल्ड, सगळ्याचे फोटो. धाकटा भाऊ ते फ्रेम करून द्यायचा. फ्रेमा बनवणं हा त्याचा धंदाच होता. "घरात माणसांचा एक फोटो नाही, आणि बुरश्या भिंतभर!" असं आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. धाकट्याच्या कामात एकच खोट होती. काच बसवताना तो आतल्या बाजूला स्वतःचा अंगठा उमटवून ठेवायचा. काच कापताना कधीतरी अंगठा चांगलाच चिरल्यामुळे त्यावर तिरका व्रण होता, तोही ठशात दिसायचा. "बाहेरून पुसायला काय होतं, आतलं कोण पुसणार?" छत्री ओरडायची. "सही आहे ती," तो म्हणायचा.

जंगलात दोघं बरोबर जायची आणि पाच मिनिटांत हरवायची. दोघांचीही नजर जमिनीवर, मग दुसरं काय होणार? म्हणून त्यांनी एक रीत पाडली होती. काठीने झाडाच्या खोडावर दोन ठोके मारायचे: मी इथे आहे. ऐकणाऱ्याने दोनच ठोक्यांनी उत्तर द्यायचं आणि आवाजाच्या दिशेने यायचं. घरीही धाकटा बेल वाजवत नसे, दारावर दोन ठोके मारायचा, आणि आई आतून ओट्यावर पळीचे दोन ठोके मारून मग दार उघडायची. तीन ठोक्यांचा अर्थ मात्र आईला माहीत नव्हता. एकदा धाकट्याचा पाय मांडीपर्यंत दलदलीत गेला होता, तेव्हा त्यांनी ठरवलं होतं, की तीन म्हणजे इकडे येऊ नकोस. आईला कळलं असतं तर तिने दोघांचंही जंगल बंद केलं असतं.

मागच्या पावसाळ्यात एकदा छत्रीने ठोके मारले आणि उत्तर आलंच नाही. माणसं शोधून शोधून थकली. तेव्हापासून आई घराच्या दाराला कडी लावू देत नसे. छत्री रोज लावायची, आई रोज काढायची, आणि त्यावरून दोघींची रोज वाजायची. तो आहे की नाही एवढं एकदा कळावं, बाकी काही नको, असं छत्रीला वाटायचं. आईला मात्र तो आहे हे ठाऊकच होतं.

त्या सुट्टीच्या सकाळी, धाकटा हरवला त्याच जागेजवळ, एका आडव्या पडलेल्या ओंडक्यावर, तिला फिकट पांढरी अळंबी दिसली. तिने ती आधी कधी पाहिली नव्हती. ती पोटावर पडली, टोपीखाली छोटा आरसा सरकवून खालचे पापुद्र्यांसारखे कल्ले टिपले, श्वास रोखून फोकस जरा जरा पुढे नेत फोटो काढले. खूप दिवसांनी तिचं डोकं शांत झालं होतं. आणि उठताना, सवयीने, काही विचार न करता, तिने काठीने ओंडक्यावर दोन ठोके मारले.

हात तिथेच थांबला. आपण काय केलं हे तिला कळलं आणि डोळे भरून आले.

मग उत्तर आलं. लांबून, झाडांच्या आतून. टक… टक.

सुतारपक्षी असेल, तिने स्वतःला सांगितलं.  तिने अळंबी देठापासून कापून डबीत घातली आणि जवळजवळ धावतच बाहेर आली. वाटभर मागे वळून पाहायची हिंमत झाली नाही.

अळंबी शोधणाऱ्यांच्या गटातले बुरशीसर फोटोवरून ओळख सांगायचे, पण त्यांचा एक हट्ट होता: बीजाणूंचा ठसा हवा. अर्धा काळा, अर्धा पांढरा कागद घ्यायचा, त्यावर टोपी पालथी टेकवायची, वर वाडगा झाकायचा. रात्रभरात कल्ल्यांमधून बीजाणू खाली झडतात आणि कागदावर चाकाच्या आऱ्यांसारख्या रेषा उमटतात. छत्रीने संध्याकाळी ओट्याच्या कोपऱ्यात स्टीलचा वाडगा पालथा घातला. "आता माझ्या ओट्यावर विषारी भानगडी नकोत," आई कुरकुरली.

सकाळी वाडगा उचलला, तर कागदाच्या काळ्या अर्ध्यावर पांढरा ठसा होता. आरे नव्हते. गोल गोल भोवरा होता आणि त्याला छेदून जाणारी एक तिरकी रेघ.

छत्रीने दुकानातलं भिंग काढलं. भिंतीवरच्या पिवळ्या स्लाइम मोल्डची फ्रेम उतरवून खिडकीत धरली. काचेच्या आत धाकट्याची 'सही' होती. ती एकदा काचेकडे पाही, एकदा कागदाकडे. भोवरा तोच. व्रण तोच.  ठशाचा फोटो पाठवून तिने सरांना फोन लावला.

"हात लागलाय तुझा," फोटो पाहून सर म्हणाले. "हा अंगठा आहे."

"माझ्या अंगठ्यावर व्रण नाही, सर."

 धाकट्याला शोधायला गेलेल्यांत सरही होते. "कुठे सापडली ही?"

"त्याच… जागेजवळ."

 "नवा कागद घाल. परत ठसा घे. आणि हे बघ… आईला दाखवू नकोस."

पण आई तिच्या मागेच उभी होती. तिच्या एका हातात पदर होता, दुसरा तोंडावर. "मी म्हणत होते ना?" ती म्हणाली. ती हसत होती. त्या हसण्याची छत्रीला भीती वाटली. तिने नवा कागद घातला, वाडगा झाकला, आणि जाऊन पुढच्या-मागच्या दोन्ही दारांना कडी घातली. तिचं तिलाच कळेना, आपण कुणाला बाहेर ठेवतोय.

दिवस तसाच गेला, तळमळत. ती बसली की उठत होती, उठली की खिडकीपाशी जात होती. पाऊस लागून राहिला होता. घरात ओल्या मातीचा, सडक्या लाकडाचा वास भरला होता आणि खिडक्या उघडूनही जात नव्हता. दुपारी आईने दूध तापायला ठेवलं आणि तेवढ्यात दारावर आवाज आला.

टक… टक.

आईच्या हातात पळी होती. छत्री "नको!" म्हणेपर्यंत तिने ओट्यावर ती दोनदा आपटलीसुद्धा. ठक ठक. आणि ती दाराकडे निघाली, वर्षभरात चालली नव्हती इतकी भराभर.

त्याच क्षणी पालथ्या वाडग्याखालून आवाज आला. अगदी बारीक, कुणीतरी आतून नखाने वाजवावं तसा. टिण. टिण. मग जरा थांबून, जोर एकवटून तिसरा.

टिण.

छत्रीने वाडगा उचलला. टोपी जागेवर होती. तिच्याशेजारी कागदाच्या काळ्या अर्ध्यावर तीन अंगठे उमटले होते, ओळीने, प्रत्येकावर तिरका व्रण. जगात दोघांनाच माहीत असलेली खूण होती ती. आणि त्या दोघांतली एक इथे ओट्यापाशी उभी होती.

"आई, थांब!" ती किंचाळली. "कडी काढू नकोस… तो नाहीये तो!"

"अगं, ऐक तरी…" आईचा हात कडीवर होता. बाहेरून पुन्हा ठोके पडले. टक… टक. पण ते माणसाच्या हाताच्या उंचीवर नव्हते, खाली होते, अगदी उंबऱ्यापाशी. छत्रीने आईला कमरेला धरून मागे ओढलं. आई ओरडली, रडली, तिच्या हातांवर मारत राहिली. मागे दूध उतू जाऊन जळल्याचा वास सुटला. केव्हातरी ठोके थांबले.

आई ओट्यापाशी गेली आणि पाठ फिरवून उभी राहिली. "माझं लेकरू दारातून परत घालवलंस," ती म्हणाली. एवढंच. छत्रीला वाटलं, याच्यापेक्षा दार उघडलं असतं तर बरं झालं असतं.

पाऊस थांबल्यावर, उजेड असतानाच, तिने हिय्या करून कडी काढली. बाहेर कुणी नव्हतं. दारावर मात्र पांढरी भुकटी होती. तिने भिंग लावलं. उंबऱ्यापाशी नुसते गुळगुळीत ठिपके होते, रेषा नसलेले. थोडं वर ठिपक्यांत रेषा आल्या होत्या. आणखी वर त्या वळायला लागल्या होत्या, मग भोवरा धरला होता, चुकत, पुसत, परत करत. कडीच्या उंचीवरचा शेवटचा ठसा जवळजवळ धाकट्याचाच होता. त्यावर व्रणही होता. फक्त उलटीकडे तिरका.

म्हणजे ते अजून शिकत होतं.

आणि धाकट्याने, जिथे कुठे असेल तिथून, तिला वेळेवर सांगितलं होतं. छत्री उंबऱ्यावर बसली आणि वर्षभरात पहिल्यांदा हमसून हमसून रडली. आता आईला सगळं सांगायचं, तीन ठोक्यांचं, दलदलीचं, सगळं, असं ठरवून ती डोळे पुसत उठली.

आतून पळीचा आवाज आला. ठक ठक. आई स्वयंपाकघरात एकटी होती, आणि तिकडे मागचं दार होतं.

छत्री आत वळली. उत्तर येऊ नये, आणि आलंच तर तीनदा यावं, असं ती मनात घोकत राहिली.

उत्तर आलं. दोनदा. या वेळी माणसाच्या हाताच्या उंचीवरून.

"आले रे, आले," आई म्हणाली, आणि मागची कडी सरकल्याचा आवाज झाला.